वातींची डबी

घोलपकाकूंकडे सत्यनारायण होता आणि ऐन वेळी त्यांच्या फुलवाती सापडेनाशा झाल्या. रविवार होता, साडेदहा वाजले होते. काकू आमच्या स्वयंपाकघराच्या दारात रिकामी वाटी घेऊन उभ्या राहिल्या. गुरुजी येऊन बसलेत, चौरंग मांडलाय, आणि वातींची पुडी कुठे ठेवली ते घरात कोणालाच आठवत नाहीये. दहाबारा दे, संध्याकाळी परत करते, असं त्या म्हणाल्या. वाती कोणी परत करतं का? मी कणकेचे हात धुतले आणि देवघरातली पितळी डबी काढली.

डबीत वर वाती होत्या आणि वातींखाली कागद होता.

घडी बघूनच कळलं की कागद ह्यांचा आहे. माझे यजमान, भास्कर शेंडकर, भोरच्या भूमापन कचेरीत मोजणीदार होते. नकाशाची घालतात तशी उभी पंख्यासारखी घडी घालायची आणि मग मधे एकदा दुमडायची, ही त्यांची सवय. विजेच्या बिलालाही तीच घडी आणि लग्नपत्रिकेलाही तीच. मी वाटीत वाती मोजून घातल्या, काकूंना आरतीला येते म्हणाले, त्या पायऱ्या उतरेपर्यंत थांबले आणि मग कागद उघडला.

'रविवार. सव्वासहाला निघालो. धनगरवाड्यापासून वाघजाईची सोंड, देवळाखालच्या सपाटीपर्यंत. त्याच वाटेने परत. एकटा आहे. सात वाजेपर्यंत न आल्यास रंगनाथला कळवणे.'

मी तिथेच पाटावर बसले.

ह्यांना सात महिन्यांपूर्वी हृदयाचा झटका येऊन गेला होता. वय बावन्न. पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं की सपाटीवर सकाळी फिरा, जिना एकेक पायरी करून चढा, आणि डोंगर आता फक्त खिडकीतून बघा. मेधा, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. ती बापाचा हात धरून म्हणाली, "बाबा, शब्द द्या." हे म्हणाले, "बरं." बरं म्हणजे शब्द नव्हे. चोवीस वर्षं संसार केल्यावर मला तरी हे कळायला हवं होतं.

चिठ्ठीचा नियम मात्र जुना होता. आमच्या लग्नाच्या आधीपासून ह्यांची चार जणांची डोंगरात जाणारी टोळी होती. त्यातला नाना खुटवड एकदा एकटाच गेला आणि पाय मोडून दोन दिवस एका घळीत पडून राहिला. घरच्यांना वाटलं, सासुरवाडीला गेलाय. तेव्हापासून ठरलं की कुठल्या वाटेने जातोय, कोण बरोबर आहे, किती वाजेपर्यंत येणार आणि नाही आलो तर कोणाला सांगायचं, हे लिहून घरात ठेवल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही. माझ्या घरात कॅलेंडरखालच्या खिळ्याला वर्षानुवर्षं दर रविवारी अशी चिठ्ठी लटकायची. मी मैत्रिणींना सांगायची, ह्यांचं पहिलं लग्न डोंगराशी झालंय, मी दुसरेपणाची. लोक हसायचे. मीही हसायची, पण रविवारी संध्याकाळी ह्यांच्या बुटांचा आवाज येईपर्यंत मला एका जागी बसवत नसे. मी स्वतः एकदाही वर गेले नाही. हट्टाने गेले नाही.

झटक्यानंतर खिळा रिकामा झाला. हे खाटेवर बसून राहायला लागले. चिडत नव्हते, कुरकुरत नव्हते, तेच वाईट होतं. दाढी वाढली. समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे आणि मी काही विचारलं की आधी 'काय?' म्हणायचे. खाटेवरून उठताना गुडघ्यावर दोन्ही हात रोवून 'अगं आई' म्हणत उठायचे, म्हाताऱ्यासारखे. ह्या माणसाने मला सातव्या महिन्याच्या पोटाने चारचार तास वाट बघायला लावली म्हणून मी त्याला शिव्या घातल्या होत्या, आणि आता तो कुठेच जात नाही म्हणून मी देवाला बोल लावत होते.

मग दिवाळीनंतर एक दिवस ते आपणहून म्हणाले की रविवारी नदीकाठाने फिरून परस्पर रंगनाथकडे जातो. बुद्धिबळ खेळू, जेवू, दुपारी येतो. रंगनाथ ढवळे म्हणजे टोळीतला शेवटचा उरलेला. एसटीत कंट्रोलर होते, नुकतेच निवृत्त झालेले. दोन्ही गुडघे गेले म्हणून त्यांचाही डोंगर सुटला होता, आणि बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मला हायसं वाटलं. मी दर रविवारी पहाटे उठून दोघांचा डबा करायला लागले. आठ धपाटी, लसणाची चटणी, दह्याची वाटी. आणि खरोखर ह्यांचा चेहरा बदलला. दाढी करायला लागले. रविवारी परत आले की हातपाय धुऊन आधी देवापुढे जाऊन उभे राहायचे. दुखण्याने माणूस देवभोळा झाला म्हणून मी नवल करायची.

आता पाटावर बसून मला सगळं समजलं. सकाळची पूजा ह्यांची, संध्याकाळची दिवाबत्ती माझी. डबी सकाळी त्यांच्या हातात, मग संध्याकाळी सातला माझ्या. मधल्या वेळात तिला कोणी शिवत नाही. हे चारला घरी यायचे, देवाला नमस्कार करायचे आणि चिठ्ठी काढून घ्यायचे. नाहीच आले, तर दिवेलागणीला ती माझ्या हातात पडली असती. बायकोशी खोटं बोलायला ह्या माणसाची जीभ चालत होती, पण चिठ्ठी न ठेवता जायला पाय उचलत नव्हता.

मी कणीक झाकली, चपला घातल्या आणि रंगनाथ भाऊजींकडे निघाले. दहा मिनिटांची वाट मी कशी चालले मला आठवत नाही. वाटेत कोणीतरी विचारलं, काय वहिनी इतक्या घाईत, तर मी आरतीला म्हणून सांगितलं.

भाऊजी ओट्यावर पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी त्याची हळूच घडी केली. मी विचारलं की हे कुठे आहेत. ते म्हणाले, आत्ताच कोपऱ्यावर पान खायला गेला. ह्यांनी जन्मात पान खाल्लेलं नाही. मी सरळ आत गेले. बुद्धिबळाचा पट कोनाड्यात होता आणि त्याच्यावर लसूण वाळत घातला होता.

"डावात लसूण कोणाचा मेला, भाऊजी?" मी विचारलं.

मी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढून खाली बसले.

"वहिनी, मी नाही म्हटलं होतं," ते म्हणाले. "हात जोडून नाही म्हटलं. तर म्हणाला, तुझं नाव सांगायचं नसेल तर दुसरं काही सांगून जाईन. जाणार मात्र. मग म्हटलं, माझंच नाव सांग. निदान तू कुठं आहेस ते एकाला तरी ठाऊक असेल."

"किती रविवार?"

"आजचा अकरावा."

"आणि डबा? दोघांचा डबा दर रविवारी कोण खातं?"

"मला एक धपाटं मिळालेलं नाही, वहिनी. देवाशपथ. मी खानावळीत जेवतो."

मला हसू आलं असतं, वेळ वेगळी असती तर. मी म्हणाले, स्कूटर काढा. त्यांनी मला समजावून पाहिलं. तिथं जाऊन काय करणार, तुम्हाला तर चढता येत नाही, मलाही येत नाही, तो अडीचच्या एसटीने येतोच आहे. मी म्हणाले की मला त्या माणसाला सगळ्या गावासमोर हाताला धरून खाली आणायचंय. तुम्ही येणार नसाल तर मी चालत जाते. भाऊजींनी स्कूटर काढली.

धनगरवाडा भोरपासून पंधरा किलोमीटर. रस्ता निम्मा डांबरी, निम्मा खडीचा. मी मागे बसून सबंध वाट भांडणाची तयारी करत होते. काय काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. मेधाच्या लग्नाचं काय? माझं काय? चोवीस वर्षं जो रविवार मी डोंगराला दिला, त्याची ही परतफेड? एक वाक्य जमलं की मी ते पुसून दुसरं जास्त कडक करत होते. आणि मधेच वाटायचं की हे सगळं ऐकायला तो माणूस असेल ना. मग मी भाऊजींना जोरात चालवा म्हणायची, आणि जोरात चालवली की हळू.

वाड्यावर पाचसहा खोपटी होती. पहिल्याच खोपटासमोर एक काटक म्हातारी करडाला पाला घालत होती. भाऊजी तिला ओळखत होते. हिराबाई. त्यांनी माझी ओळख करून दिली तशी ती पदर सावरून उठली.

"मोजणीवाल्या सायबाच्या मालकीण व्हय तुमी?" ती म्हणाली. "धपाटी लई ग्वाड करता. माझ्या नातवंडांस्नी ऐतवार कवा येतो त्याकडंच डोळं लागल्यालं अस्त्यात."

तेवढ्यापुरता माझा राग पांगला. तो मी पुन्हा गोळा केला आणि विचारलं, साहेब कुठे आहेत. तिने सोंडेकडे हात केला. दोन डोंगरांच्या मधून खाली उतरत आलेली लांबट धार, तिच्यावर वाळलेलं गवत, अर्ध्याच्या वर एक सपाटी, आणि त्या सपाटीवरून खाली येणारा एक पांढरा ठिपका. ह्यांची टोपी. मीच शिवलेली.

मी पुढे जाणार, तर भाऊजींनी हात आडवा केला. हाक मारू नका, दचकेल, उतरण आहे, असं ते म्हणाले. ते खरं होतं. मी गोठ्याच्या दगडी गडग्याआड उभी राहिले आणि बघू लागले.

चोवीस वर्षांत मी ह्यांना डोंगरावर कधी बघितलंच नव्हतं. निघताना बघितलं होतं, आल्यावर बघितलं होतं. आता बघत होते. ते वीसेक पावलं चालायचे आणि थांबायचे. थांबले की डाव्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघायचे. मोजणीदार शेवटी. मग पुन्हा वीस पावलं. हिराबाई सांगत होती की चढतानाही असंच करतो, सपाटीच्या वर पाऊल टाकत नाही, देवीला तिथूनच हात जोडतो. वाटेत एक दगड घरंगळून आला होता, तो त्यांनी पायाने बाजूला सारला. मग थोडे पुढे येऊन परत मागे गेले आणि तो नीट कडेला लावून ठेवला. माझ्या घरात ह्या माणसाने प्यालेला पेला कधी उचलून ठेवला नव्हता.

मग एका मोठ्या चपट्या खडकापाशी ते बसले. डबा काढला नाही, पाणी प्यायले नाहीत. टोपी काढून बाजूला ठेवली आणि मागे कलले. दोन्ही हात पसरले आणि उताणे पडले. हलेनात.

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते गडग्याला वळसा घालून वाटेला लागले, पण दहा पावलांत गुडघ्याने दगा दिला आणि ते खाली बसले. मी त्यांना ओलांडून गेले. चढ होता, मातीत चप्पल घसरत होती, मी ती काढून हातात घेतली.

"बाई," मागून हिराबाई म्हणाली, "निजलाय त्यो. त्या दगडावं दर ऐतवारी निजतो. उठंल."

"आणि नाही उठले तर?"

"मंग जाऊन बी काय करणार तुमी?" ती म्हणाली. बोलणं कडू नव्हतं, जे आहे ते ती सांगत होती. "थांबा वाईच."

मी थांबले. वाटेत, हातात चप्पल धरून, अर्धी वर अर्धी खाली. भाऊजींनी नंतर सांगितलं की सगळं मिळून दहाबारा मिनिटं झाली असतील. त्या दहाबारा मिनिटांत मी विधवा झाले. कोणाकोणाला कळवायचं, मेधाला कोण आणेल, भावकीतलं कोण कोण येईल, कपाटातलं कुठलं धोतर, सगळं माझ्या डोक्यातून भरभर गेलं. त्याच्या मागून एक विचार आला आणि त्याची मला लाज वाटली. मला वाटलं, असं असेल तर असो, पण खाटेवर भिंतीकडे बघत नको. मी तो विचार झटकला. तो गेला नाही.

मग वर ठिपका हलला. हे उठून बसले. टोपी झटकली, घातली. आणि उभे राहिले, एका झटक्यात, कशाचाही आधार न घेता. गुडघ्यावर हात नाहीत, अगं आई नाही. उभे राहून त्यांनी दोन्ही हात वर ताणले आणि एक जांभई दिली, इतकी मोठी की मला खालून दिसली. लग्न झालं तेव्हा हा माणूस असाच उठायचा. मी विसरून गेले होते.

मी चप्पल घातली आणि खाली आले.

"भाऊजी, चला."

"कुठं?"

"घरी. ते अडीचच्या एसटीने यायच्या आत मला घरी असायला हवं."

त्यांनी गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाले, "वहिनी, आणि उद्या काही झालं तर?"

"तर मी आहे," मी म्हणाले. "मी आज इथे आले होते हे कोणाला सांगायचं नाही. त्यांनाही नाही. शब्द द्या."

त्यांनी दिला. त्यांनी 'बरं' म्हटलं नाही, 'दिला' म्हणाले. हिराबाईलाही मी हात जोडून सांगितलं. ती म्हणाली, मला काय करायचंय, धपाटी तेवढी चालू राहू द्या.

मी घरी आले, पदराला लागलेलं कुसळ वेचून काढलं, चिठ्ठी डबीत तळाशी ठेवली आणि वर वाती पसरल्या. घोलपकाकूंकडची आरती कधीच होऊन गेली होती. प्रसाद कोणीतरी आमच्या ओट्यावर ठेवला होता.

हे चारला आले. दोन डाव हरलो, म्हणाले. मी विचारलं, भाऊजी बरे आहेत ना? बरा आहे, धपाटी आवडली, म्हणाले. हातपाय धुतले आणि देवापुढे गेले. मी चुलीपाशी चहाचं आधण बघत होते. ते पाठमोरे उभे होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. आणि आधण उकळताना माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. नकाशाची घडी मला येत नाही. घाईत मी कागदाची साधी चौघडी केली होती, वाण्याच्या यादीची करतात तशी.

ते बाहेर आले. त्यांनी स्वयंपाकघरात पाट ओढला आणि चहा होईपर्यंत माझा लसूण सोलून दिला. नीट सोलता येत नव्हता, निम्मा फुकट घालवला.

पुढच्या रविवारी हे निघाले आणि गल्लीच्या टोकाला वळले तशी मी डबी उघडली. तीच वाट, तीच वेळ, आणि शेवटी एक नवी ओळ होती. 'गोळी घेतली आहे. जादा दोन खिशात आहेत.' मी चिठ्ठी जागेवर ठेवली आणि सात वाजेपर्यंत काय करायचं ते शोधायला लागले. त्यानंतर चार वर्षं माझे रविवार असेच गेले. आत बाहेर, आत बाहेर. डबे घासायचे, घासलेले पुन्हा घासायचे. चिठ्ठीत कधी असायचं, 'वारा आहे, कानटोपी घेतली', कधी 'काल झोप नव्हती, आज निम्म्यातून परत'. वैशाखात ते करवंदं घेऊन आले, रंगनाथने दिली म्हणाले. रंगनाथ भाऊजींच्या अंगणात फरशी आहे. मी करवंदं धुतली, मीठ लावलं आणि आम्ही दोघांनी खाल्ली.

दरम्यान मेधाचं लग्न झालं. बापाने मांडवात सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या नंतर उभं राहून काम केलं. पाहुणे म्हणाले, आजारी माणूस वाटत नाही. मेधा म्हणाली, आईने पथ्य सांभाळलं.

मग मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी अडीच वाजता पोलीस पाटलाची जीप आमच्या दाराशी आली. हे त्या चपट्या खडकावर सापडले, उताणे, टोपी शेजारी. जीपबरोबर आलेली हिराबाई रडत होती. निजलाय म्हणून कुणी उठवलं न्हाई, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मेधा पुण्याहून पाचला पोचली. तोवर रंगनाथ भाऊजी आले होते आणि अंगणात भिंतीला टेकून उभे होते. जीपवाल्यांकडून एव्हाना सगळ्यांना कळलं होतं की हे दर रविवारी बुद्धिबळाच्या नावाखाली वर जात होते. मेधा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती ओरडली नाही, तेच मला सहन झालं नाही.

"काका, तुम्ही झाकून ठेवलंत," ती म्हणाली. "एकदा, फक्त एकदा आईला सांगितलं असतंत, तर तिने त्यांना उंबऱ्याबाहेर पडू दिलं नसतं."

भाऊजींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघितलं.

"चुकलं, पोरी," ते म्हणाले.

तर मी आहे, असं मी त्यांना म्हणाले होते. आणि वेळ आली तेव्हा मी नव्हते. दुःखाने वाचा बसली असं लोकांना वाटलं. तसं काही नव्हतं. मी भ्याले. मुलगी माझ्याकडेही तशीच बघेल म्हणून भ्याले.

सव्वासहाला ह्यांना नेलं. घरात फक्त बायका उरल्या. सातला मी उठले, देवघरात गेले, डबीतून वात काढली आणि समई लावली. मागून घोलपकाकू धावत आल्या. सुतकात देवापाशी दिवा लावत नाहीत, प्रमिला, भान आहे का तुला? मेधाने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला, वात पुढे सारली आणि ज्योत स्थिर होईपर्यंत तिथेच बसले. बायका आपसात म्हणाल्या की डोक्यावर परिणाम झाला.

ह्याला सात वर्षं झाली. भाऊजी मंडईत दिसले की मान लववायचे आणि निघून जायचे, घरी कधी आले नाहीत.

गेल्या महिन्यात मेधा वास्तुशांतीच्या आमंत्रणांची यादी घेऊन आली होती. दोघी ओट्यावर बसलो होतो, ऊन कललं होतं. मी म्हणाले, रंगनाथकाकांचं नाव घाल. ती म्हणाली, आई, त्या माणसाचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. मी आत गेले आणि वातींची डबी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

तिने कागद काढला, पण उघडला नाही. उलटसुलट करून बघत राहिली.

"अक्षर बाबांचं दिसतंय," ती म्हणाली. "घडी त्यांची नाही."

"माझी आहे. पण घातली त्यांनीच. एकदा मी चुकीची घातली होती. तेव्हापासून चार वर्षं ते अशीच घालत होते."

"म्हणजे?"

"वाच."

तिने वाचलं. वाट, वेळ, एकटा आहे, सात वाजेपर्यंत न आल्यास रंगनाथला कळवणे. गोळी घेतली आहे. आणि मग शेवटची ओळ, जी आधीच्या कुठल्याच चिठ्ठीत नव्हती. त्या रविवारी सकाळी साडेसहाला मी ती वाचली होती आणि काही कळलं नव्हतं.

'दिवा नेहमीच्या वेळीच लाव. मी आलो, नाही आलो तरी.'

मेधाने शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"काकांनी सांगितलं?"

"काकांनी मला स्कूटरवर नेऊन दाखवलं. कोणाला सांगू नका, असा शब्द मी घेतला त्यांच्याकडून. त्यांनी पाळला."

"आणि तू सात वर्षं..." ती एवढंच म्हणाली. ज्या नजरेची मला भीती होती, त्याच नजरेने ती माझ्याकडे बघत होती. मी ह्या वेळी खाली बघितलं नाही. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो उद्या जाईल असा नव्हता. पण ती उठून फोनपाशी गेली.

"नंबर सांग."

मी सांगितला. तिने फिरवला, घंटी वाजायला लागली तशी रिसीव्हर माझ्या हातात दिला. "मी नाही. तू सांग."

पलीकडून भाऊजींचा आवाज आला, म्हातारा झालेला. मी म्हणाले, "भाऊजी, मी मेधाला सगळं सांगितलं. उशीर झाला. मला माफ करा."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"वहिनी," ते म्हणाले, "चार वर्षं माझ्या नावाची धपाटी त्या वाड्यावरची पोरं खात होती. उद्या करा. मी जेवायला येतो."